विश्लेषण : तीर्थपुरीच्या गच्चीवर ब्लूबेरी येईल का? रोप मागवण्याआधी बोअरचे पाणी तपासा

मोबाइलवर एक रील हमखास समोर येते. गच्चीवर ओळीने मांडलेल्या कुंड्या, झुडपांना लगडलेले निळे घोस आणि वर मजकूर, ‘ब्लूबेरी आता घरच्या घरी’. खाली रोप मागवायची लिंक. ती गच्ची कुठल्या गावातली, तिथली माती कशी, पाणी कुठले, हे रीलमध्ये नसते. पण घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत बसून तो व्हिडीओ पाहणाऱ्यासाठी खरा प्रश्न तोच आहे. इथे जमीन काळी, घरोघरी बोअर, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

‘आपल्या उन्हात ते कुठे जगायचे’ असे बहुतेकांना वाटते. ऊन ही अडचण आहेच. पण उन्हाला सावली करता येते. मराठवाड्यात कुंडीतल्या ब्लूबेरीचा घात बहुतेक वेळा रोज प्रेमाने घातल्या जाणाऱ्या पाण्याने होतो. तो कसा, आणि त्यावर घरगुती उपाय काय, ते पाहू.

ब्लूबेरीला नेमके काय हवे असते?

आम्लधर्मी माती. सामू म्हणजे पीएच साधारण ४.५ ते ५.५. जालना जिल्ह्यातल्या काळ्या जमिनींचा सामू साधारणपणे साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. आकड्यांत फरक तीनचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहा पटींची असते. म्हणजे ५ आणि ८ यांत हजार पटींचे अंतर आहे.

या अंतराचा परिणाम पानांवर दिसतो. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असले तरी ते विरघळलेल्या रूपात नसते, त्यामुळे मुळांना उचलता येत नाही. मोसंबीच्या बागेत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असा ‘केवडा’ पडलेला आपल्याकडे कुणी पाहिला नाही? मोसंबी तरी तग धरते. ब्लूबेरीची मुळे केसांसारखी बारीक, उथळ, आणि इतर झाडांच्या मुळांवर असतात तसे मूलरोम त्यांना नसतात. निसर्गात या मुळांमध्ये राहणारी एक बुरशी त्यांना अन्न मिळवून देते. अशा नाजूक मुळांना चुनखडीत लोह मिळवणे जमत नाही. पाने पिवळी पडतात, मग कडेने करपतात, आणि वर्षभरात झाड बसते.

शेणखत घातलेल्या कसदार मातीतही नाही?

नाही. हा गोंधळ अमेरिकेतही होता, जिथले हे फळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे लोक ब्लूबेरी रानातूनच तोडून आणत. झुडपे बागेत आणून चांगल्या मातीत लावली की मरत. अमेरिकेच्या कृषी विभागातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ पासून यावर प्रयोग केले आणि १९१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या झाडाला सुपीक बागेची माती नकोच, आम्लधर्मी माती हवी, असे त्यांनी दाखवले. तो अहवाल वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. घरच्या शेतीत क्रॅनबेरी होती, जमीन तशीच आम्लधर्मी होती. त्यांनी रानातून मोठ्या फळांची झुडपे शोधून आणवली आणि १९१६ मध्ये लागवड केलेल्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. आंबा-द्राक्षाच्या तुलनेत हे फळ शेतीत अगदी काल-परवा आले आहे.

आपल्या सवयींसाठी याचा अर्थ सरळ आहे. शेणखत, गांडूळखत, चुलीची राख, अंड्याची टरफले, हाडांचा चुरा, म्हणजे गुलाब-मोगऱ्याला जे जे आपण हौसेने घालतो, त्यातले बरेचसे या झाडाला त्रासदायकच ठरते. राख आणि टरफले तर थेट सामू वाढवतात.

खड्डा घेऊन गंधक टाकले तर?

हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो. गंधकाने जमिनीचा सामू उतरतो हे खरे आहे. पण हिशेब करून पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खड्ड्यात साधारण सव्वासहाशे किलो माती असते. त्यात चुनखडीचे प्रमाण समजा ५ टक्के असले, तर झाली ३१ किलो चुनखडी. एक किलो गंधक पूर्ण आम्लात बदलले तर जेमतेम तीन किलो चुनखडी संपवते. म्हणजे फक्त चुनखडी मारायलाच दहा किलो गंधक, एका झाडाला. शिवाय गंधकाचे आम्ल जिवाणू करतात, त्याला महिने लागतात, आणि तोवर शेजारच्या मातीतून चुना पाण्याबरोबर परत खड्ड्यात येत राहतो.

आपल्या मातीत चुनखडी आहे की नाही हे पाहायचे असेल तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर आहे. फेस आला नाही म्हणून नाहीच असे समजू नका, व्हिनेगर सौम्य असते.

म्हणूनच इथे कुंडी हवी. गच्चीवर जागा कमी म्हणून नव्हे, तर गावच्या मातीशी झाडाचा संबंधच येऊ नये म्हणून. जगात जिथे जमीन सोयीची नाही तिथे व्यावसायिक बागाही याच कारणाने कुंड्यांमध्ये केल्या जातात.

कुंडीत काय भरायचे?

माती अजिबात नाही. मूठभरही नाही. मुख्य घटक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा असतो, पाणी धरतो आणि चुना नसतो. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटरच्या आसपास माल होतो. तो दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ राहिलेले असते. सात भाग कोकोपीटला तीन भाग परलाइट मिसळले की मुळांना हवा मिळते. परलाइट ऑनलाइन किंवा शहरातल्या नर्सरीत मिळते. नदीची वाळू त्याऐवजी वापरू नका, आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात.

कुंडी सुरुवातीला वीस-पंचवीस लिटरची, पुढे चाळीसची. तळाला भोके भरपूर. सिमेंटची कुंडी नको, ती स्वतःच चुना सोडते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि मुळे शिजतात. पांढरी ग्रो बॅग किंवा जाड कापडी पिशवी सर्वांत बरी. ती तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवायची. वर नारळाच्या शेंड्यांचे किंवा वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन इंचांचे आच्छादन.

खत म्हणून अमोनियम सल्फेट चालते. या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात हवे असते आणि हे खत सामूही थोडा खाली ठेवते. नायट्रेट असलेली खते टाळा. मात्रा अगदी कमी, दोन लिटर पाण्यात पाव चमचा, पंधरा दिवसांनी एकदा. जास्त खताने ही मुळे लगेच जळतात. ‘एक मूठ टाक’ ही आपली शेतातली सवय इथे मोडावी लागते.

मग पाण्याची अडचण कुठे?

इथेच. बहुतेक व्हिडीओ कोकोपीटपाशी थांबतात आणि बहुतेक झाडे त्यानंतर मरतात.

बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते. चहाच्या पातेल्यात, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो त्याचाच. पाण्याचा सामू फक्त एवढेच सांगतो की या क्षणी ते किती अल्कधर्मी आहे. बायकार्बोनेट सांगते की ते किती हट्टी आहे, म्हणजे आम्ल टाकल्यावर किती वेळ दाद देणार नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी टायट्रेशन केले आहे त्यांना तो न बदलणारा रंग आठवत असेल.

आता आकडे. समजा तुमच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे. कुंडीला रोज सरासरी तीन लिटर पाणी, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने. म्हणजे २४० दिवस, ७२० लिटर. त्यातून कुंडीत जाते २१६ ग्रॅम बायकार्बोनेट, जे जवळपास पावणेदोनशे ग्रॅम चुनखडी टाकल्यासारखेच आहे. पंचवीस लिटरच्या कुंडीत कोरडे कोकोपीट असते दोन-अडीच किलो. काही क्षार तळातून निथळून जातील हे धरले, तरी जी चुनखडी टाळायला माती टाळली ती आपणच मगाने परत आणून ओतली.

त्यामुळे रोपाच्या आधी पाण्याचा अहवाल काढा. खरपुडी आणि बदनापूर इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथे पाणी तपासणीची चौकशी करता येते. अहवालात सामू आणि क्षारता यांच्याबरोबर बायकार्बोनेटचा आकडा मागून घ्या. घरातला टीडीएस मीटर यासाठी पुरेसा नाही. तो एकूण क्षार सांगतो, कोणते क्षार ते सांगत नाही.

लिंबू पिळले, ताक घातले तर?

एका मर्यादेपर्यंत आम्लाने पाणी सुधारते, पण लिंबाच्या चार थेंबांनी नाही. वरच्याच उदाहरणातल्या पाण्यासाठी दहा लिटरच्या बादलीला साधारण चार ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, लागेल. टाकून ढवळायचे, पंधरा मिनिटांनी सामूची पट्टी बुडवून पाहायचे, पाच ते साडेपाच दिसले की थांबायचे. मात्र हा उपाय तात्पुरता आहे. कुंडीतले जिवाणू सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात आणि क्षार पुन्हा डोके वर काढतात. दोन पावसांमधली खिंड लढवायला ते चालेल, वर्षभर नाही.

मोठ्या बागांत सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक आम्ल यंत्राने मोजून सोडतात. ते घरी करू नका. बॅटरीचे ॲसिड तर नकोच, गच्चीवर लहान मुले फिरत असतात. चहाचा चोथा आणि कॉफीचा गाळ यांच्याबद्दल बरेच ऐकले असेल. वापरलेल्या कॉफीचा गाळ जवळपास उदासीन असतो, त्याने सामू उतरत नाही. ताकाने मुंग्या तेवढ्या येतात.

आरओ फिल्टरचे काय? त्याचे शुद्ध पाणी, किंवा जारचे आरओ पाणी, या झाडाला चालते. पण फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाते ते पाणी झाडांना घालायची आपली सवय असते. त्यात क्षार उलट जास्त असतात. ते भांड्यांना वापरा, ब्लूबेरीला नको. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र उत्तम.

सर्वांत सोपे आणि फुकट पाणी कुठले?

पावसाचे. त्यात बायकार्बोनेट नसल्यातच जमा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्चीचा फक्त शंभर चौरस फुटांचा कोपरा, म्हणजे साडेनऊ चौरस मीटरला थोडे कमी, धरा. पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेपाच हजार लिटर पडते. सांडलवंड वजा जाता चार हजारांच्या वर हाती लागते. दोन झाडांची आठ महिन्यांची गरज आहे सुमारे दीड हजार लिटर. दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी पुरते.

टाकी प्लास्टिकचीच हवी. सिमेंटच्या हौदात साठवलेले पावसाचे पाणी हळूहळू चुना घेते. पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, तोंडाला बारीक जाळी, झाकण घट्ट, नाहीतर डासांची शाळा भरते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे नवे नाही, तिथे हौसेच्या झाडाला दीड हजार लिटर पाणी देणे घरातल्या सगळ्यांना पटेलच असे नाही. पन्हाळीतून रस्त्यावर वाहून जाणारे पाणी अडवले तर वाद मिटतो. हंड्यातले पाणी घालायची वेळ येणार असेल, तर हा नाद न केलेला बरा.

जालन्याच्या थंडीत फळ धरेल?

ब्लूबेरीच्या मूळच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखाली आठशे ते हजार तास लागतात, तेव्हा कळ्या जाग्या होतात. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा बहुधा दहा-बाराच्या आसपास असतो, सातच्या खाली क्वचितच जातो. त्यामुळे त्या जाती इथे नुसती पाने काढतील.

मार्ग निघाला तो फ्लोरिडात. १९४८ पासून तिथल्या विद्यापीठात राल्फ शार्प यांनी उत्तरेकडच्या मोठ्या फळांच्या जातींचा संकर फ्लोरिडातल्या रानटी सदाहरित जातीशी केला. त्यातून ‘सदर्न हायबुश’ हा कमी थंडीचा गट तयार झाला. शार्पब्लू, मिस्टी या त्यातल्याच. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९९८ मध्ये आणलेली बिलॉक्सी हीदेखील याच गटातली. ही जात पेरूमध्ये (फळ नव्हे, देश) किनाऱ्यालगतच्या वाळवंटात लावली गेली. २०१० च्या आधी ज्या देशातून ब्लूबेरीची निर्यात नावापुरती होती, तो देश दशकभरात जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला.

वाळवंटात येते, मग मराठवाड्यात का नाही, असा युक्तिवाद रोपे विकणारे करतात. तो अर्धाच खरा आहे. पेरूच्या किनाऱ्याला हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह लागून आहे, तिथे आपल्यासारखी ४२ अंशांची दुपार नसते. तीस अंशांच्या पुढे ब्लूबेरीची वाढ मंदावते. म्हणून मार्च ते जून कुंडी घराच्या पूर्वेला, सकाळी दहा-साडेदहापर्यंतच ऊन, नंतर ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली. त्या चार महिन्यांत फळाची अपेक्षा नको, झाड जगले तरी जिंकलो.

रोप घ्यायचे की बी?

जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे पाकिटावर आपला विश्वास लवकर बसतो. पण ब्लूबेरीच्या बियांचे पाकीट घेऊ नका. बी खसखशीएवढे असते, रुजायला थंडीचा काळ लागतो, रोप आईसारखे निघत नाही आणि फळाला वर्षे जातात. जाती टिकवल्या जातात त्या छाटकलमांनी किंवा ऊतिसंवर्धनाने.

रोप घेताना जातीचे नाव विचारा. नुसते ‘ब्लूबेरी हायब्रीड’ लिहिले असेल तर पैसे खिशातच ठेवा. पार्सल उघडल्यावर पाने पाहा. ब्लूबेरीची पाने फांदीवर एकाआड एक असतात. समोरासमोर जोडीने असतील तर ते रोप ब्लूबेरीचे नाही. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर करवंद असू शकते, चोळल्यावर जांभळाचा वास आला तर काय आले आहे ते सांगायला नको.

दोन वेगळ्या जातींची रोपे शेजारी ठेवली तर फळ मोठे होते. फुले उलट्या घंटेसारखी असतात आणि पराग बारीक छिद्रातून पडतो, त्यासाठी फूल थरथरावे लागते. परदेशात हे काम बंबलबी करते, ती आपल्या भागात नाही. वाळक्या लाकडात भोक पाडून राहणारा आपला काळा भुंगा हे काम करू शकतो, त्याला हाकलू नका. सकाळी फुलोऱ्याला हलकी टिचकी मारली तरी फरक पडतो.

क्रम असा ठेवा : जूनच्या आधी टाकी, पावसाळ्यात साठवण, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोप. पहिल्या वर्षीची फुले खुडून टाका. जीवावर येते, पण मुळे त्याशिवाय पसरत नाहीत. फळ निळे झाल्या झाल्या तोडू नका, आणखी चार-पाच दिवस थांबले तर गोडी येते. तेवढ्यात बुलबुल येतात, त्यांना तेवढेही थांबायचे नसते. जाळी हवीच.

यात पैसे आहेत का?

अनुकूल हवामानात चांगल्या निगराणीत तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंडीतले एक झाड किलो-दोन किलो फळ देते. तीर्थपुरीच्या गच्चीवर त्याहून बरेच कमी धरा. शहरात सव्वाशे ग्रॅमची डबी काही शे रुपयांना विकली जाते हे पाहून एकराचे गणित मांडायचा मोह होतो. पण कुंडी आणि एकर यांच्यामध्ये पॉलिहाऊस, आम्ल सोडणारी यंत्रणा, क्षार काढलेले पाणी, जातीचा परवाना आणि शीतसाखळी एवढे सगळे उभे आहे. शिवाय भारताने सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ब्लूबेरीवरचे आयात शुल्क कमी करायला मान्यता दिली आहे. स्पर्धा त्या फळाशी असेल. कर्ज काढून करायची ही गोष्ट नाही.

ज्याला फक्त मुलांना झाडावरचे निळे-जांभळे फळ तोडून खाऊ घालायचे आहे, त्याच्यासाठी एक सोपा पर्याय जिल्ह्यातच आहे. तुती. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे आणि पाल्यासाठी तुती लावणारे शेतकरी आसपासच्या गावांत सापडतात. ब्लूबेरीला निळा रंग देणारी अँथोसायनिन गटातली रंगद्रव्येच पिकलेल्या तुतीला आणि जांभळाला काळा-जांभळा रंग देतात. तुतीला आपली माती चालते, बोअरचे पाणी चालते, ऊनही चालते. पाल्याच्या जातींपेक्षा फळाची जात मागून घ्या. पावसाळ्यात दोन-तीन डोळ्यांची वीतभर कांडी तिरपी खोचली की फुटते, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कुंडीतच फळ धरते. बुलबुलांसाठीची जाळी मात्र तिलाही लागते.